चर्च, गव्हर्नरचा बंगला, लसीची लॅब आणि आमच्या चाळीतली २६ जानेवारी

परळच्या आमच्या चाळीत २६ जानेवारीची वाट दिवाळीपेक्षा जास्त बघितली जायची. सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायणाची पूजा, दुपारी लिंबू-चमचा नि संगीत खुर्ची, संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू आणि रात्री मंडळाचा कार्यक्रम, म्हणजे स्टेज, पडदा, फॅन्सी ड्रेस, बक्षिसाचे स्टीलचे डबे, सगळं त्या मधल्या चौकात, आणि वर गॅलऱ्या माणसांनी गच्च भरलेल्या. प्रसादाच्या शिऱ्याचा वास तर रात्रीपर्यंत जिन्यात असायचा.

बक्षिसांच्या आधी एक ठरलेला आयटम असायचा. हाफकिन इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे परळच्या लसीच्या लॅबमधून, रिटायर झालेले आमच्या मजल्यावरचे काका माईक घ्यायचे आणि दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे, हाफकिनच्या इमारतीची. आम्हाला पाठ होती तरी कुणी उठून जायचं नाही, कारण काका सांगायचेच तसे, "पोरांनो, ज्या गेटवरनं रोज शाळेत जाता ना, तिथं आधी घंटा वाजायची, चर्चची!"

आणि ते खरंच होतं. पोर्तुगीजांच्या काळात तिथं चर्च आणि मठ होता, जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीनं मुंबईवर चाल केली तेव्हा या पाद्र्यांनी त्याला मदत केली असा इंग्रजांचा आरोप होता, आणि पुढं १७१९ च्या सुमारास कंपनी सरकारनं ती जागा जप्त केली. मग तिथं गव्हर्नर राहायला लागले. चर्चच्याच भिंतींच्या आत खाली जेवणाचा हॉल आणि वर नाचाचा हॉल झाला. काका म्हणायचे की जिथं लोक गुडघे टेकायचे तिथं साहेब आणि मडमा नाचायला लागल्या, आणि खालच्या सतरंजीवरच्या आज्या दरवर्षी तितक्याच जोरात "अगंबाई" म्हणायच्या.

पण हा थाट टिकला नाही. आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या, धूर आला, वस्ती दाटली आणि १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची बायको याच बंगल्यात कॉलऱ्यानं गेली. मग गव्हर्नर मलबार पॉइंटला गेले ते गेलेच.

खरा जीव होता तो पुढच्या भागात. १८९६ मध्ये मांडवीला प्लेग आला, अर्धी मुंबई गावाकडं पळाली, आणि वाल्डेमार हाफकिन नावाचा ओडेसाचा माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजात हाताखाली एक क्लार्क आणि तीन शिपाई घेऊन लस बनवायला बसला. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचे जंतू वाढवायला तो मटणाच्या अर्कावर तुपाचे थेंब सोडायचा, ते जंतू तुपाला धरून खाली लोंबत वाढायचे. हे ऐकलं की बायका एकमेकींकडं बघून हसायच्या, तूप म्हटल्यावर गोष्ट आपल्या घरातली झाली ना! काम वाढलं आणि १० ऑगस्ट १८९९ ला लॅब परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात आली, १९२५ पासून तिला हाफकिनचं नाव आहे.

मुलकोवालची गोष्ट मात्र काका कधीच गाळायचे नाहीत, उशीर झाला आणि सेक्रेटरी घड्याळ दाखवायला लागले तरी नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या त्या गावात लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली आणि खापर हाफकिनवर फुटलं, नोकरी गेली. पुढं कळलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, पण निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. हे सांगताना काकांचा आवाज दरवर्षी बसायचा. आयुष्यभर बाटल्या हाताळलेला माणूस होता तो, त्याला ते लागायचं.

एका वर्षी या प्लेगच्या गोष्टीवरच आम्ही पोरांनी नाटक केलं. काकांनीच वहीत लिहून दिलेलं. प्लेगचे रोगी शोधणारे तपासणीवाले घरात शिरतात आणि घरचे आजारी आजीला बाजेखाली लपवतात हा सीन एवढा रंगला की वन्समोअर मिळाला, माझ्या मते मंडळाचा तो सगळ्यात चांगला कार्यक्रम.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे, कार्यक्रम पोडियमवरच्या हॉलमध्ये एसीत होतो, पण होतो, आणि माणसं विरार-डोंबिवलीवरून मुद्दाम येतात. काका नाहीत. गेल्या २६ ला त्यांच्या नातीनं ती गोष्ट सांगितली, मुलकोवालसकट. नवीन बिऱ्हाडातल्या पोरांनी एवढे प्रश्न विचारले की बक्षिसं राहिली बाजूला, आणि कमिटीनं तिथल्या तिथं यंदा नाटक परत बसवायचं ठरवलं. ती वही काही सापडत नाहीये. जुन्या शेजाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत निघाली तर मंडळात आणून द्या, तालमी डिसेंबरात सुरू होतील.