स्वस्त ओपन-बॅक हेडफोन: काय बदलायचं, काय सोडून द्यायचं

दोन तासांची मैफल एका बैठकीत ऐकायची असेल तर ओपन-बॅक हेडफोनसारखं सुख नाही. कपाची मागची बाजू जाळीची असते, त्यामुळे ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या, मागून निघालेला आवाज कपात कोंडून परत कानावर येत नाही, बाहेर निघून जातो. हवा खेळती राहते, कान घामेजत नाहीत आणि गाणं डोक्याच्या आत अडकल्यासारखं वाटत नाही. त्यासाठी लाखभर रुपये मोजायची मुळीच गरज नाही. सुपरलक्स एचडी६६८बी, सॅमसन एसआर८५०, एकेजी के२४० स्टुडिओ, फिलिप्स एसएचपी९५०० ही याच घराण्यातली परवडणारी मंडळी. यातल्या काहींना कंपन्या ‘सेमी-ओपन’ म्हणतात, म्हणजे कप अर्धवट उघडा असतो. पुढची चर्चा त्यांनाही लागू आहे.

स्वस्त हेडफोनमध्ये काटकसर कुठे केलेली असते हे आधी लक्षात घ्या. ड्रायव्हर सहसा चांगला असतो. पैसा वाचवलेला असतो तो पॅडवर, डोक्यावरच्या पट्टीवर, वायरीवर आणि ड्रायव्हरसमोर लावायच्या कापडा-फेल्टवर. त्यामुळे सुधारणाही तिथेच करायची असते. हा लेख मुख्यतः एचडी६६८बी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण तो उघडायला सोपा आहे आणि त्याचे दोष ठळक आहेत.

पहिला दोष ट्रेबलचा, म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या आवाजाचा. साधारण ६ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी एक टोकदार उंचवटा असतो. नव्या हेडफोनवर पहिली दहा मिनिटं तो आवडतोसुद्धा, कारण सगळं ‘स्वच्छ’ ऐकू येतं. तासाभराने मात्र कान थकतात. तो ओळखायची आपली चाचणी तानपुरा आहे. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याचा नाद रेशमी पसरतो. या उंचवट्यामुळे तो पत्र्यासारखा झणझणतो, तबल्याची चाट टोचते आणि गायकाचे ‘स’, ‘श’, ‘च’ शिट्टी मारल्यासारखे येतात.

कात्री हातात घेण्याआधी हा उंचवटा नेमका कुठे आहे ते शोधा. फोनवर कुठलंही टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, आवाज अगदी हळू ठेवा आणि ३ किलोहर्ट्झपासून १२ किलोहर्ट्झपर्यंत स्वर सावकाश वर न्या. एका जागी तो अचानक मोठा होऊन टोचेल. तो आकडा लिहून ठेवा. मग हेडफोन कानावर अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून पुन्हा तपासा. टोचणारी जागा सरकत असेल तर त्यात तुमच्या कानाच्या घडणीचा आणि पॅडच्या पोकळीचा वाटा मोठा आहे, आणि दुसऱ्या कोणाचं इक्वलायझरचं (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) तयार सेटिंग तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही.

आता त्या आकड्यावर इक्वलायझरमध्ये ४ ते ६ डेसिबलची कपात लावा, क्यू (कपातीचा पट्टा किती अरुंद हे ठरवणारा आकडा) ३ च्या आसपास. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर ईझीइफेक्ट्स, दोन्ही मोफत आहेत. अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे, पण त्यातले पट्टे ठरलेले असतात, म्हणून तिथे सर्वांत जवळचा पट्टा खाली घ्यायचा. आठवडाभर असंच ऐका. इक्वलायझर आधी वापरायचं कारण एवढंच की किती कपात हवी आहे हे फुकटात कळतं आणि काहीही बिघडत नाही. कित्येकांचं काम इथेच संपतं.

फोनपासून रेडिओपर्यंत कुठेही लावला तरी टोचू नये असं वाटत असेल तर ड्रायव्हरसमोरच अडसर घाला. पॅडची किनार खोबणीतून बोटांनी हळूहळू बाहेर ओढा, सगळा पॅड निघतो. खाली प्लॅस्टिकची भोकं असलेली पाटी आणि तिच्यामागे ड्रायव्हर दिसेल. औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी मायक्रोपोर टेप, एक इंच रुंदीची, इथे उत्तम चालते, कारण ती हवा पूर्ण अडवत नाही. भोकांच्या मधल्या भागावर तिचा एक थर लावा, कडेची भोकं मोकळी ठेवा. दुसरा पर्याय म्हणजे १ मिलिमीटर जाडीच्या फेल्टची चकती, मध्ये १२ ते १५ मिलिमीटरचं भोक पाडून. फेल्ट स्टेशनरीच्या दुकानात सुट्या तुकड्यांत मिळतं. चकतीला कडेला दोन ठिकाणी टेपचा छोटा तुकडा पुरतो. गोंद लावू नका, उद्या काढावंसं वाटलं तर निघायला हवं.

आधी एकाच बाजूला करा. मग आवाज मोनोवर (दोन्ही कानांत एकच आवाज) ठेवून एखादं एकट्या गळ्याचं ध्वनिमुद्रण लावा. फरक किती पडला ते दोन्ही कानांची तुलना करून लगेच कळतं. समाधान झालं की दुसरी बाजू हुबेहूब तशीच करा आणि पुन्हा मोनोवर ऐका, गळा नाकासमोर मधोमध यायला हवा. डावीकडे किंवा उजवीकडे कलला तर दोन्हीकडचे थर सारखे नाहीत. सर्वाधिक होणारी चूक म्हणजे तीन-तीन थर चढवणं. टोचणं जातं, पण त्यासोबत गळ्यातला श्वास आणि सारंगीच्या गजाची खरखरही जाते. एका थराने काम झालं नाही तर दुसरा लावा, त्यापुढे जाऊ नका. उरलेलं इक्वलायझरवर सोडा.

या कामात खरा धोका ड्रायव्हरच्या पडद्याला आहे. तो केसासारखा नाजूक असतो आणि मागे जोरदार चुंबक असतो. लोखंडी कात्री किंवा स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की तो खेचला जातो आणि टोक पडद्यात घुसतं. कापाकापी सगळी दुसऱ्या टेबलावर करा. ब्लोअरने धूळ उडवू नका. ड्रायव्हरच्या मागच्या भोकांवर पातळ कागदासारखं कापड चिकटवलेलं असतं, तेही फाडू नका. मागच्या हवेला तेच रोध करतं. ते निघालं की खालचा आवाज सैल आणि घुमा होतो आणि परत तसाच बसवणं अवघड जातं.

पॅड काढलाच आहे तर एक तपासणी करून घ्या. ३० ते १०० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात फिरवा. एका बाजूला फरफर ऐकू आली तर ड्रायव्हर फाटलाय असं लगेच धरून चालू नका. ओपन-बॅकमध्ये बहुतेक वेळा डोक्याचा एखादा केस जाळीतून शिरून पडद्याला टेकलेला असतो. टॉर्च तिरकी धरली की तो चमकतो. टेपचा तुकडा चिमट्यात नाही, बोटावर उलटा गुंडाळून त्याला टेकवा, केस निघून येतो.

आता पॅड. माझ्या मते संपूर्ण हेडफोनमध्ये पैसे खर्च करण्यासारखी वस्तू ही एकच. एचडी६६८बीचे मूळ पॅड पातळ आणि कडक असतात, कानाची पाळी आतल्या पाटीला टेकते आणि दीड तासात दुखायला लागते. त्यावर एकेजी के२४०च्या मापाचे पॅड बसतात, बाहेरचा व्यास साधारण १०० ते १०५ मिलिमीटर. किनार एका जागी खोबणीत घालून अंगठ्याने दाबून ठेवा आणि जुनं एटीएम कार्ड वापरून बाकीची गोलाकार आत सरकवत जा. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने ढकलली तर किनार शिवणीतून उसवते.

वेलूरचे (मखमली कापडाचे) पॅड घ्यायचे की रेक्झीनचे (कृत्रिम चामड्याचे), हा निर्णय फक्त आरामाचा नाही. वेलूरमधून हवा निसटते, त्यामुळे बेस कमी होतो. रेक्झीन बेस धरून ठेवतं, पण त्याच्या गुळगुळीत आतल्या भिंतीवरून ट्रेबल परावर्तित होतो. जाड पॅड घेतला की कान ड्रायव्हरपासून दूर जातो, बेस आणखी थोडा उतरतो आणि मघाचा टोचणारा आकडाही सरकतो. म्हणून पॅड आधी बदला, टेप-फेल्ट नंतर लावा. उलट क्रमाने केलंत तर टेपचं काम पुन्हा करावं लागेल. बाहेरून रेक्झीन आणि त्वचेला टेकणाऱ्या भागाला वेलूर असे मिश्र पॅडही मिळतात, चष्मा लावणाऱ्यांना आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांना तेच सुचवावेसे वाटतात. दमट हवेत पॉलियुरेथेनचं कृत्रिम चामडं पाण्याच्या अंशाने विघटित होत जातं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे कानावर निघायला लागतात. ते थांबवता येत नाही, पॅड बदलावेच लागतात.

बेस कमी झाल्याची खंत शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने फार करू नये. काळी एक पट्टीच्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते, आणि तिच्यातही कानावर येतात ते मुख्यतः वरचे स्वरांश. डग्ग्याचा घुमारा त्याच्या थोडा वर. एवढं हे हेडफोन व्यवस्थित देतात. हवंच असेल तर १०० हर्ट्झच्या खाली लो-शेल्फने (त्या आकड्याखालचा सगळा आवाज सारखा वाढवणाऱ्या फिल्टरने) ३-४ डेसिबल वाढवा आणि प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तेवढाच उणे करा, नाहीतर सम येताच आवाज फाटेल.

डोक्यावरची पकड घट्ट वाटत असेल तर हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा. गठ्ठा तुमच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त असू दे. फार सैल झालं तर पॅड कानाभोवती टेकत नाहीत आणि बेस निघून जातो.

वायर बदलून आवाज सुधारत नाही. एचडी६६८बीच्या डाव्या कपातून ३.५ मिलिमीटरची नर पिन बाहेर येते, म्हणजे वायर तुटली तर साधी एक्स्टेंशन वायर पुरते. फक्त तिच्या मादी टोकाचं आवरण बारीक हवं. अँप्लिफायरचंही तसंच. या हेडफोनचा रोध ५६ ओहम, संवेदनशीलता (एका मिलिवॅटला मिळणारा आवाज) ९८ डेसिबल. एक व्होल्ट देणारा यूएसबी-सी डाँगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) त्यात सुमारे १८ मिलिवॅट घालतो, म्हणजे ११० डेसिबलच्या आसपास. हे कानांना सोसण्यापलीकडचं आहे, आणखी ताकद कशाला हवी?

आवाजाच्या पातळीबद्दल मात्र काटेकोर राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. आपल्याकडे घात करतो तो छताचा पंखा. ओपन-बॅक बाहेरचा आवाज अजिबात अडवत नाही, पंखा पाचावर असला की हात आपोआप आवाज वाढवतो आणि विलंबित ख्याल संपेपर्यंत ते लक्षातही येत नाही. पंखा दोनावर आणा, खुर्ची त्याच्या थेट खालून बाजूला घ्या, मग तानपुरा जेमतेम स्पष्ट होईल तिथे आवाज ठेवा आणि त्यावर हात लावू नका.

वेलूरचे पॅड दोन-तीन महिन्यांनी काढून कोमट पाण्यात थोड्या सौम्य डिटर्जंटने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात. आतला फोम ओलसर असताना चढवला तर ती वाफ थेट ड्रायव्हरच्या पडद्यावर बसते. वापरात नसताना हेडफोन झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत ठेवा, आणि जाळीची बाजू खाली येईल असा ठेवू नका, डब्यातली धूळ तिथूनच आत जाते.