ओव्हरऑल साडेसहा, तरी प्रवेश का अडतो?

परदेशी विद्यापीठांची इंग्रजीची अट अनेकदा अशी असते: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ओव्हरऑल, म्हणजे चारही विभागांचा सरासरी निकाल, 6.5 आणि कोणत्याही विभागात 6.0 पेक्षा कमी नको. पुष्कळ विद्यार्थी यातलं पहिलं अर्धंच लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या अर्ध्यात अडकतात.

हिशोब करून बघा. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 6.5 आणि रायटिंग 5.5. बेरीज 26.5, भागिले चार म्हणजे 6.625. सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला (बँड म्हणजे या परीक्षेतला गुण) नेतात, त्यामुळे निकालपत्रावर 6.5 येतं. ओव्हरऑल जमलं, पण रायटिंगमुळे अट मोडली. म्हणून चारही विभागांचे आकडे आधीच वेगवेगळे टिपून घ्या, तेही आपल्या कोर्सच्या पानावरून. विद्यापीठाची सर्वसाधारण अट एक आणि नर्सिंग किंवा कायद्याची त्याहून कडक, असं बरेचदा असतं.

रायटिंग घसरण्यामागे व्याकरणाइतकाच वेळेचा हात असतो. एका तासात दोन टास्क: पहिलं आलेखासारख्या माहितीचं वर्णन, किमान 150 शब्दांचं, दुसरं निबंध, किमान 250, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तरीही आलेख समोर आला की त्यातला एकेक आकडा लिहिण्यात अर्धा तास जातो आणि निबंध अर्धवट राहतो. पहिल्या टास्कवर 20 मिनिटं झाली की पुढे सरका. तिथे सगळे आकडे नकोच असतात. ठळक बदल आणि त्यांची तुलना पुरे, मात्र एकूण चित्र सांगणारं एक वाक्य हवंच. निबंधात ‘कितपत सहमत आहात’ असं विचारलं असेल, तर भूमिका सुरुवातीलाच घ्या आणि शेवटपर्यंत बदलू नका. पाठ केलेली भारदस्त वाक्यं मात्र कृपा करून टाळा. परीक्षकाला ती ओळखू येतात आणि प्रश्नाचं उत्तर बाजूलाच राहतं.

लिसनिंग आणि रीडिंगमध्ये प्रत्येकी 40 प्रश्न. साधारण 30 बरोबर आले की 7 बँड, 23 ला 6. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नका. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन लिहिले, किंवा अनेकवचनाचा एस राहिला, की कळलेलं उत्तरही वाया जातं.

एकच विभाग कमी पडला तर वन स्किल रिटेक, म्हणजे फक्त तो विभाग पुन्हा देण्याची सोय आहे: मूळ परीक्षेपासून 60 दिवसांत, एकदाच. पण सगळी विद्यापीठं तो निकाल धरत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

नोंदणी करतानाही डोळे उघडे हवेत. परीक्षेच्या दोन प्रकारांपैकी पदवीसाठी सहसा अकॅडेमिक लागते, जनरल ट्रेनिंग नाही. ब्रिटनमध्ये मुख्य कोर्स सुरू होण्याआधीच्या भाषा-कोर्ससाठी ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ (ब्रिटिश व्हिसासाठी मान्य असलेली परीक्षा) मागितली जाऊ शकते. पेपर त्याच स्वरूपाचा असतो, पण साध्या परीक्षेचा निकाल नंतर त्यात बदलून मिळत नाही. निकाल साधारणपणे दोन वर्षं ग्राह्य असतो. फार लवकर परीक्षा दिली तर तो प्रवेशाआधीच संपू शकतो, आणि अगदी शेवटी दिली तर रिटेकला वेळ उरत नाही. अर्जाच्या अंतिम तारखेच्या चार-पाच महिने आधीची तारीख घेतलेली बरी.