तारली विकली गेली, पुढे काय?

गरीब देश आणि तंत्रज्ञान या विषयावर बोलून झालं की कोणीतरी विचारतंच, "मोबाईल-इंटरनेटमुळे या देशांचा विकास टिकाऊ होतो का? एका वाक्यात सांगा." एका वाक्यात सांगायचं तर, वाया जाणारं वाचतं, पण वाचलेलं निसर्गाच्या पदरात पडेलच असं नाही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल पोचला. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या तारलीच्या (सार्डिन माशाच्या) बाजारांवर त्याचा काय परिणाम झाला ते तपासलं. मोबाईल येण्याआधीची, जानेवारी 1997 मधली एक सकाळ त्याने नोंदवली आहे. वडकरा या किनाऱ्यावरच्या गावी गिऱ्हाईक नाही म्हणून 11 मच्छिमारांनी मासळी फेकून दिली. त्याच वेळी 15 किलोमीटरच्या आतल्या बाजारांत 27 गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परतायच्या बेतात होती. एकूण मासळीपैकी 5 ते 8 टक्के अशीच जायची. होडीतून बाजारात फोन लागू लागल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छिमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांसाठी भाव सुमारे 4 टक्क्यांनी उतरला. दोन्ही बाजूंचा फायदा! अर्थशास्त्रात असं क्वचित हाती लागतं. आणि हे साध्या फोनवर झालं, तेव्हा अ‍ॅप कुठली?

मात्र त्या फोनवर फक्त भाव कळायचा. समुद्रात तारली किती उरली, जाळ्यात पिल्लं येताहेत का, हे सांगणारं पलीकडे कोणी नव्हतं. 2012 नंतर केरळात तारली भराभर घटली. त्यात बदलत्या समुद्राचा हात होता, पिल्लं पकडण्याचाही. फोनला मी दोष देणार नाही. पण 10 सेंटिमीटरपेक्षा लहान तारली पकडायची नाही, हा नियम 2015 मध्ये सरकारलाच करावा लागला. बाजार कितीही चोख चालला तरी तो नियम त्यातून आपोआप निघाला नसता.

केनियातही असंच दुहेरी चित्र दिसतं. 2007 मध्ये तिथे एम-पेसा आलं, फोनवरून पैसे जाऊ-येऊ लागले. मग त्याच वाटेने रोज थोडे शिलिंग भरून घरावर सौरदिवे घेता येऊ लागले. रॉकेलचा धूर गेला, मुलांना रात्री अभ्यासाला उजेड मिळाला. हप्ता थकला की कंपनी दुरूनच दिवा बंद करते. या कुलपामुळेच तर कंपनी गरिबाला उधार द्यायला धजते, हे मला पटतं. तरी आजारपणाच्या महिन्यात घर अंधारात जावं, हे पटत नाही.

आणि त्या दिव्याची बॅटरी संपल्यावर? इथे बहुतेक सभा आटोपत्या होतात. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आफ्रिकेत तर 1 टक्काही नाही. घानाची राजधानी आक्रा इथल्या अगबोगब्लोशी या भंगारबाजारात तांब्यासाठी वायरी जाळत पोरं वर्षानुवर्षं धुरात उभी राहिली. 2021 मध्ये ती जागा रिकामी केली, पण कचरा यायचा थांबला नाही, काम आसपास पांगलं.

म्हणून कोणी गावोगावी यंत्रं वाटण्याची योजना घेऊन आलं, की किती वाटणार हे मी शेवटी विचारते. आधी विचारते, दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कुठे मिळणार आणि मेलेली बॅटरी परत कोण नेणार.