काकडआरतीचा उजेड : आमच्या छापखान्याची वाटचाल

कसबा पेठेत, तांबट आळीच्या ठोक्यांच्या आवाजात आमचा एचिंगचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेली चित्रं कागदावर उतरवायचा छापखाना चालतो. पत्रा आम्ही तयार घेतो, कडा मात्र आळीतल्या ओळखीच्या कारागिराकडून तिरप्या घासून आणतो, नाहीतर प्रेसचा लोकरी नमदा फाटतो. हा धंदा पुण्याला नवा, असं कोणी म्हटलं की हसू येतं. नाना फडणवीसांच्या काळात इथल्याच एका तांबटाने गीता छापायला पत्रे कोरायला घेतले होते. छपाई पुढे १८०५ साली मिरजेत झाली.

पहिलं मोठं काम एका ज्येष्ठ चित्रकार बाईंचं: विठ्ठलाचा गाभारा, वीस प्रती. पत्र्याला शाई लावून आम्ही तो मलमलीने लख्ख पुसला, फक्त कोरलेल्या रेघांत शाई ठेवली आणि छापलं. बाई म्हणाल्या, “अहो, काकडआरतीला गाभाऱ्यात ट्यूबलाइट कुणी लावली?” वीसच्या वीस परत. कागदाचे पैसे बुडाले, ते वेगळंच.

जाताना त्या सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्राँच्या छापांचं एक जाडजूड पुस्तक ठेवून गेल्या. त्यात १६५४च्या सुमाराचं ‘ख्रिस्ताचं दफन’ पाहिलं आणि डोकं ठिकाणावर आलं. पत्रा तोच, पण काही प्रतींवर त्याने शाईचा असा थर राहू दिलाय की माणसं अंधारातून जेमतेम वर येतात. एचिंगमध्ये पांढरी शाई नसते. उजेड म्हणजे उघडा राहिलेला कागद. देव कुठे आहे, हे पुसणाऱ्याच्या हाताने सांगायचं. १६५३च्या ‘तीन क्रूस’मध्ये तर त्याने नंतर पत्राच खरवडून, वर दाट रेघा ओढून गर्दी काळोखात बुडवली.

मग पुन्हा बसलो. पत्रा किंचित गरम, आधी मलमल, मग खडू लावलेला तळहात, आणि वेळीच थांबायचं. करंगळीला चिंधी गुंडाळून फक्त काकड्याभोवती आणि मुखावर पुसलं. एप्रिलचा महिना, ओला कागद टबातून प्रेसपर्यंत नेईतो कडा वाळायच्या. चार प्रती त्यातच गेल्या.

बाईंनी प्रत खिडकीशी धरली. “पाय दिसत नाहीत,” मीच आधी कबूल केलं.

“मला तरी गर्दीत कुठे दिसतात?”

तेव्हापासून दरपत्रकात दोन ओळी आहेत, साधी पुसाई आणि हाताची पुसाई. दुसरीला प्रतीमागे अर्धा तास लागतो, पैसे जास्त पडतात आणि दोन प्रती सारख्या येतील याची हमी आम्ही देत नाही.