बेल्-लिस्-सि-मो

इटलीत राहायला आलं की कानावर सगळ्यात आधी ठसतो तो ‘-इस्सिमो’. बेल्लो म्हणजे सुंदर, बेल्लिस्सिमो म्हणजे फारच सुंदर. बेकरीतला ताजा पाव ‘बुओनिस्सिमो’, लांबलेली रांग ‘लुंगिस्सिमा’. व्हेनिसच्या जुन्या प्रजासत्ताकाला तर लोक आजही ‘ला सेरेनिस्सिमा’ (अतिशय शांत) म्हणतात. मला सगळ्यात आवडतं ते हे, की हौसेनं हा प्रत्यय नामालाही लावतात. पाच वेळा ‘जिरो द’इतालिया’ आणि १९४९ व १९५२ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ जिंकणारा सायकलपटू फाउस्तो कोप्पी नुसता ‘काम्पिओने’ (विजेता) राहिला नाही, ‘काम्पिओनिस्सिमो’ झाला!

हा प्रत्यय लागला की शब्दावरचा जोर जागा बदलतो. फाचिले, म्हणजे सोपं, यात जोर ‘फा’वर. फाचिलिस्सिमो म्हटलं की तो थेट ‘लिस्’वर. मूळ शब्दात आघात कुठेही असो, इथे तो ‘इस्’वरच येणार. इटालियन लिखाणात आघाताची खूण बहुतेक शब्दांवर नसते, त्यामुळे नवशिक्याला हा फार मोठा आधार आहे.

इथली लहान मुलं शाळेत शब्द तोडायला शिकतात: बेल्-लिस्-सि-मो. दुहेरी व्यंजन मधोमध फुटतं, अर्धं मागे, अर्धं पुढे. आपण लिहितो मात्र बे-ल्लि-स्सि-मो. डोळ्यांना हे वेगळं वाटतं, पण वृत्तं आठवा: जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, कारण त्याचा आघात मागे येतो. म्हणजे इटालियन मुलांना जे शिकवतात, तेच आपण लघु-गुरू मोजताना कानानं करत होतो. म्हणून मी इथे येणाऱ्या मराठी मुलांना सांगते, दुहेरी व्यंजनाला घाबरू नका. पता आणि पत्ता यांतला फरक ज्याला कळतो, त्याला नोनो (नववा) आणि नोन्नो (आजोबा) यांतलाही कळेल. फक्त आळस करायचा नाही, ‘न्न’वर खरंच थांबायचं.

‘स’चं मात्र उलट. पा-स्ता, फे-स्ता, फि-ने-स्त्रा (खिडकी). पुढे दुसरं व्यंजन आलं की ‘स’ त्यालाच चिकटून राहतो, ओळीच्या शेवटी शब्द तोडतानासुद्धा. इथे देवनागरी तंतोतंत जुळते.

थोडी विशेषणं ‘-इस्सिमो’ घेत नाहीत. चेलेब्रे, म्हणजे प्रसिद्ध, याचं चेलेबेर्रिमो होतं, मीझेरोचं (दीनवाणा) मिझेर्रिमो. ही रूपं लॅटिनमधून आलेली आहेत आणि छापील मजकुरात जास्त दिसतात. बोलताना विशेषणाआधी ‘मोल्तो’ (खूप) लावलं की काम भागतं.