तुम्ही विचारलंत म्हणून: या फोटोंतली माणसं कुठे गेली?

"फोटो छान आहेत हो, पण यांत माणसं कशी नाहीत?" प्रदर्शन कुठेही लावलं तरी हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्या बहुतेक वेळा माझ्या आईच्या वयाच्या बायका असतात. वाड्याच्या दिवाणखान्याच्या मोठ्या प्रिंटसमोर त्या उभ्या राहतात, कडीपाट बघतात, हंड्या-झुंबरं बघतात आणि मग चुळबुळतात. एक आजी म्हणाल्या, "अगं, एवढं मोठं घर आणि दिवा लावायला कुणी नाही?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. ज्या घरात संध्याकाळी दिवा लागत नाही त्या घराबद्दल आपल्याला वाईटच वाटतं. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

मी दोनच प्रकारची कामं करते: सह्याद्रीची निसर्गचित्रं आणि जुन्या, नक्षीकाम केलेल्या वास्तूंचे अंतर्भाग. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्लॅश नाही, बाहेरून आणलेला दिवा नाही. खिडकीतून, चौकातून, झरोक्यातून जेवढा उजेड येईल तेवढ्यावरच काम. आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण हल्ली तीही शंका असते. माणसं मी कंप्युटरवर पुसत नाही. खोली मोकळी होईपर्यंत थांबते.

सोपं उत्तर तंत्राचं आहे. वाड्याच्या माजघरात भर दुपारीही उजेड किती असतो? आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान, एफ ११, ठेवलं, म्हणजे जवळच्या खांबाची नक्षी आणि मागच्या भिंतीवरचा कोनाडा दोन्ही स्पष्ट हवेत, तर शटर दहा-वीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात कुणी समोरून चालत गेलं तर फोटोत त्याची पुसट रेघ उमटते किंवा तीही नाही. हे फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फ्रान्सचे लुई दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून काढला. रस्ता गजबजलेला होता, घोडागाड्या होत्या, लोक ये-जा करत होते. पण प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची. त्यामुळे चालणारे सगळे नाहीसे झाले. कोपऱ्यात एक माणूस बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता, तेवढा मात्र उमटला. माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून आज तोच ओळखला जातो. तो फोटो बघताना मला त्या माणसाइतकेच बाकीचेही जाणवतात. ते सगळे त्या रस्त्यावर होते, नक्की होते.

पण आजचा कॅमेरा अंधारातही माणूस टिपू शकतो, तेव्हा तंत्राचं कारण पुढे करून मला सुटका नाही. खरं कारण नजरेचं आहे. फोटोत चेहरा असला की डोळा आधी तिथेच जातो आणि बराच वेळ तिथेच राहतो. कोण आहे, कुठल्या वयाची, कुठे बघतेय, खूश आहे का? मग खांब, महिरप, तावदानं, भिंतीवरचा रंग हे सगळं त्या व्यक्तीच्या मागचा पडदा होतं. लग्नाच्या अल्बमसाठी ते योग्यच आहे. मला मात्र तो पडदाच बघायचा असतो, कारण तो कुणीतरी हातांनी घडवलेला आहे आणि त्या हातांकडे कुणी बघत नाही.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च घ्या. बांधकामाला १५९४ मध्ये सुरुवात झाली आणि १६०५ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. बाहेरून लाल-तपकिरी जांभा दगड. आत गेलं की समोर वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी कोरीव भिंत, तिच्यात संत इग्नेशियस यांची मोठी मूर्ती, खाली बाळ येशू. बहुतेक लोक एका बाजूला असलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीकडे जातात आणि येताजाता या वेदीचा एक फोटो घेतात. त्या फोटोत वेदी सपाट पिवळी येते, रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी. चूक फोन कॅमेऱ्याची नाही. समोरून पडणाऱ्या विजेच्या उजेडात सोनं सपाटच दिसणार, कारण मुलाम्याचं सोनं स्वतः फारसं काही दाखवत नाही, समोर जे आहे तेच परत फेकतं. कोरीव काम दिसायला उजेड बाजूनं, तिरपा आणि मऊ यावा लागतो. तो येतो पावसाळ्यात. आषाढात आभाळ भरलेलं असतं तेव्हा खिडकीबाहेरचा उजेड आणि आतला अंधार यांतला फरक कमी होतो, खिडक्या पांढऱ्याफटक जळून जात नाहीत आणि प्रत्येक वेलबुट्टीला एक उजळ कडा आणि एक सावलीची कडा मिळते. एखादा ढग सरकला की सगळी भिंत हळूच बदलते. तो बदल बघायला मी तासन्‌तास बसलेय आणि पुन्हाही बसेन. ज्यांनी ते लाकूड कोरलं त्यांच्या डोळ्यांसमोर विजेचा दिवा नव्हता. खिडकीचा उजेड आणि मेणबत्त्या एवढंच होतं. त्यांचं काम त्यांच्याच उजेडात दाखवावं असं मला वाटतं.

शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये जमिनीकडे बघा. तिथे फरशीच थडग्यांच्या दगडांची आहे, त्यांवर कुळांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. कित्येक अक्षरं पायांनी झिजून गुळगुळीत झालीत. इथे माणूस नाही असं कोण म्हणेल? वर कुणी नाही, खाली नावं आहेत आणि मधे सगळ्या चालून गेलेल्यांची झीज आहे.

ही झीजच मी शोधत असते. इंग्रज फोटोग्राफर फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्स कॅथीड्रलच्या जिन्याचा फोटो काढला आणि त्याला 'पायऱ्यांचा समुद्र' अशा अर्थाचं नाव दिलं. फोटोत एकही माणूस नाही. पण शेकडो वर्षांच्या पावलांनी पायऱ्या मधोमध इतक्या खोलगट झाल्यात की दगडाच्या लाटा वर चढताना दिसतात. तो जिना कितीजण चढले असतील, हे एका चढणाऱ्या माणसाच्या फोटोतून कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे पुण्याचा विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. दर्शनी भागातले सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब आणि नक्षीतली केळफुलं बघायला आजही रस्त्यावरची माणसं मान वर करतात. पेशवाई गेली, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे सरकारी आणि महापालिकेची कार्यालयं आली. राजवाडा, शाळा, कचेरी. त्या दालनांत मी कुणाला उभं करू? नऊवारी नेसवून एखादी मॉडेल बसवली की फोटो लगेच 'पेशवाई' होतो आणि मधली दोनशे वर्षं पुसली जातात. संथा म्हणणारे विद्यार्थी गेले, फायली घेऊन रांगेत उभे राहिलेले पुणेकर गेले. दालन मोकळं असलं की हे सगळे एकदम आत मावतात.

जर्मनीच्या फोटोग्राफर कँडिडा ह्योफर हे काम आयुष्यभर करत आल्यात: ग्रंथालयं, नाट्यगृहं, राजवाडे, सगळे निर्मनुष्य, मोठ्या आकाराच्या प्रिंटमध्ये. सुरुवातीला, १९७० च्या दशकात, त्या जर्मनीत स्थायिक झालेल्या तुर्की कुटुंबांचे फोटो काढत होत्या हे मला महत्त्वाचं वाटतं. माणसं टाळायची म्हणून त्या मोकळ्या खोल्यांकडे गेल्या नाहीत. माणसांना जवळून बघून मग गेल्या.

इथपर्यंत खोल्यांबद्दल माझ्या मनात शंका नाही. डोंगरांचं मात्र तसं नाही. तिथे हा प्रश्न जास्त टोकदार आहे आणि तो कुणी विचारत नाही, म्हणून मीच काढते.

निसर्गचित्रातून माणूस वगळला की बघणाऱ्याला वाटतं, इथे कधी कुणी नव्हतंच. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीचे फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्स यांचे कृष्णधवल फोटो जगभर पोचले. त्यांच्याकडून मी काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या छटा बघायला शिकले, आणि ते ऋण मोठं आहे. पण ती दरी निर्जन नव्हती. तिथे 'अहवाहनीची' नावाचे मूळनिवासी लोक राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीनं त्यांना दरीतून हुसकावलं. दरीतली जी मोकळी कुरणं फोटोंत इतकी देखणी दिसतात, ती मोकळी राहण्यात या लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या आगींचा मोठा वाटा होता. आगी थांबल्या तशी झाडं कुरणांत घुसू लागली. म्हणजे ज्याला अस्पर्श निसर्ग म्हटलं, तो कुणाच्या तरी हातचा होता.

हे वाचल्यापासून सह्याद्रीतल्या माझ्या फ्रेम बदलल्या. चैत्र-वैशाखात मावळातल्या उतारांवर काळे चौकोन दिसतात. ते राब आहेत. टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून भाजलेली जमीन, पावसाआधी तिथेच भाताची, नाचणीची रोपं धरायची आणि मग लावणी करायची. चांगले जाणकार लोक मला सांगतात, हे डाग फ्रेमबाहेर ठेव, डोंगर स्वच्छ दिसेल. मी ठेवत नाही. तो डाग काढला तर वर्षाचं सगळं पोट ज्याच्यावर आहे ते काम फोटोतून काढल्यासारखं होईल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली बघताना आत वळलेल्या त्या प्रचंड कातळाच्या पायथ्याशी बेलपाड्याची घरं दिसतात. संध्याकाळी तिथे दिवे लागतात. तेही फोटोत राहतात. कडा किती उंच आहे ते आकड्यापेक्षा त्या बारीक दिव्यांवरून नीट कळतं.

मग डोंगरात एखादी चालती बाई, एखादा गुराखी का नको? यायला माझी हरकत नाही. त्यांच्या वाटेवर मी आलेली असते, ते माझ्या फ्रेममध्ये आलेले नसतात. पण डोंगर मोठा दिसावा म्हणून कुणाला मोजपट्टीसारखं कड्यावर उभं करणं मला जमत नाही. ज्यांचा फोटो काढायचा त्यांचा वेगळा काढते, विचारून, जवळून, आणि प्रिंट त्यांच्या हातात देते. ते फोटो प्रदर्शनात येत नाहीत. ते त्यांच्या भिंतीवर असतात.

आता माझं एक मागणं. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे गावातले, पेठेतले वाडे पुनर्विकासात जाताहेत. बऱ्याच कुटुंबांचा निरोप येतो, पण तो सामान हलवल्यावर येतो. "वाडा आता रिकामा केलाय, येऊन फोटो काढा." तोवर फडताळातले डबे गेलेले असतात, देवघरातला पाट गेलेला असतो, झोपाळ्याच्या कड्या नुसत्या लोंबत असतात. तसलं रिकामेपण मला नको आहे. सामान बांधायच्या आधी बोलवा. ज्या दिवशी स्वयंपाक झालाय, कपडे वाळत घातलेत, आजोबांचा चष्मा खिडकीत आहे, अशा साध्या दिवशी. काही हलवू नका, आवरू नका. मी आल्यावर तुम्ही सगळ्यांनी घटकाभर ओटीवर बसा, मला माजघरात थोडा वेळ द्या. आणि मी नाही तर तुमच्या घरातल्या कुणीही हे करावं: फोन एखाद्या फळीवर टेकवून घट्ट ठेवा, फ्लॅश बंद करा, दिवे मालवा, खिडक्या उघडा. प्रत्येक खोलीचा एक फोटो दारातून आणि एक खिडकीच्या बाजूने. बाळंतिणीची खोली आणि मोरी विसरू नका, त्यांचे फोटो कुणाकडेच नसतात.