आधी निघण्याची वाट, मग होस्टिंग : माझा अनुभव

आमच्या अभ्यासमंडळाचे संकेतस्थळ नव्याने उभे करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यावर ४२० लेख, सुमारे १२ हजार छायाचित्रे आणि वार्षिक अंकांच्या पीडीएफ फायली होत्या. हे सगळे माउसने ओढून पाने जुळवता येतात अशा एका साइट बिल्डरवर होते. कंपनीने आमची जुनी योजना चार महिन्यांत बंद होणार असल्याचे कळवले आणि मी प्रथमच निर्यातीचे बटण शोधले. त्यातून मिळालेल्या फायलीत मजकूर होता. पण शीर्षक कोणते, तळटीप कोणती आणि कोणते छायाचित्र कोणत्या परिच्छेदाजवळचे, याचा काहीच माग नव्हता. आठ वर्षे अनेकांनी निगुतीने लावलेली ती पाने त्या एका सेवेच्या बाहेर अस्तित्वातच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा) आणि प्रत्येक साधन तपासताना माझा पहिला प्रश्न एकच राहिला : उद्या इथून निघायचे झाले, तर मला बरोबर काय नेता येईल?

या प्रश्नाचे सर्वांत आधी उत्तर द्यावे लागले ते डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाच्या, बाबतीत. आमचे नाव ज्यांनी पहिल्यांदा संकेतस्थळ बनवून दिले होते त्यांच्या वैयक्तिक खात्यावर, त्यांच्याच ईमेलने नोंदवलेले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण नोंदीत ज्याचे नाव तोच हक्कदार, हा साधा नियम आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. त्यांनी सहकार्य केले, डोमेनचे कुलूप उघडले आणि हस्तांतरणाचा संकेतांक पाठवला, म्हणून काम निभावले. डोमेन आणि होस्टिंग मी जाणीवपूर्वक दोन वेगळ्या कंपन्यांकडे ठेवले. होस्टिंगवाल्याशी वाद झाला, तरी नाव आपल्या हाती राहते आणि ते दुसऱ्या सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे, वळवणे हे काही तासांचे काम उरते. एकत्रित योजनेत डोमेन मोफत मिळते हे खरे. तरीही ही सोय मला पत्करावीशी वाटली नाही.

मग होस्टिंग पाहायला सुरुवात केली. शेअर्ड होस्टिंगच्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवण्याच्या, बहुतेक योजनांवर 'अमर्याद जागा' असे लिहिलेले असते, म्हणून मी सेवाशर्तींची पाने शेवटपर्यंत वाचली. एका योजनेत जागा अमर्याद होती, पण आयनोडची, म्हणजे ढोबळ मानाने फायली आणि फोल्डरांच्या एकूण संख्येची, मर्यादा एक लाख होती. आता वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली प्रत्येक मोठे छायाचित्र चढवताना मूळ फाइलखेरीज त्याच्या लहानमोठ्या आकारांच्या प्रती तयार करते. मूळ फाइल धरून एका छायाचित्रामागे सात-आठ फायली सहज होतात आणि थीमने, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाच्या साच्याने, आपले आकार जोडले तर त्याहून जास्त. आमच्या १२ हजार छायाचित्रांचा हिशेब ९६ हजारांवर गेला. त्यातच बहुतेक ठिकाणी प्रत्येक ईमेल ही स्वतंत्र फाइल असते आणि तीही याच संख्येत मोजली जाते. 'अमर्याद' म्हणवणारी ती योजना आम्हाला पहिल्याच महिन्यात अपुरी पडली असती.

जाहिरातीत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. शेअर्ड सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकच प्रोसेसर आणि एकच मेमरी वाटून घेतात. मी तीन कंपन्यांची एकेका महिन्याची योजना घेऊन प्रत्येक ठिकाणी रिकामे वर्डप्रेस बसवले आणि आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री सर्व्हरकडून पहिला बाइट यायला किती वेळ लागतो, ते नोंदवले. एका ठिकाणी सकाळी २०० मिलिसेकंद लागत, तेच रात्री दीड सेकंदाच्या पुढे जाई. दुसरीकडे वेळ थोडा जास्त होता, पण दिवसभर तोच राहत होता, आणि मला हा स्थिरपणा अधिक मोलाचा वाटला. गूगलच्या निकषानुसार पानाचा सर्वांत मोठा दृश्य घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा; त्यातले दीड सेकंद सर्व्हरच्या पहिल्या उत्तरातच गेले, तर छायाचित्रे कितीही हलकी केली तरी हाती फारसे उरत नाही. ज्या कंपन्या महिन्याच्या बोलीवर योजना देत नव्हत्या आणि तीन वर्षांचे पैसे आगाऊ मागत होत्या, त्यांचा विचार मी तिथेच थांबवला.

मदत केंद्राला मी प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न लेखी विचारले : पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालते तिची) कोणती आवृत्ती देता, आणि बॅकअप कुठे ठेवता? पीएचपी ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले. तरीही एका ठिकाणी नव्या खात्याला तीच आवृत्ती लावून मिळाली. बॅकअपच्या प्रश्नाला 'रोज घेतो' असे उत्तर सगळ्यांनी दिले. पण कोठे, हे स्पष्टपणे एकाच कंपनीने सांगितले. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळाली, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचा विदा (डेटा) कायमचा गेला. मी हे उदाहरण मंडळाच्या बैठकीत सांगितले, कारण बॅकअपसाठी वेगळी साठवण घेण्याचा खर्च का करायचा, हा प्रश्न तिथे रास्तपणेच विचारला गेला होता.

व्हीपीएस, म्हणजे आभासी स्वतंत्र सर्व्हर, मी सहा आठवडे वापरून पाहिला. एक जीबी मेमरीच्या सर्व्हरवर लिनक्स ही कार्यप्रणाली, एनजिनएक्स हा वेबसर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसवले, पासवर्डऐवजी एसएसएच किल्लीने (संगणकावरच्या गुप्त फाइलीने) प्रवेश ठेवला, फायरवॉल लावली. त्यातून पुष्कळ शिकले. शेजाऱ्यांचा त्रास संपला, पण जबाबदारी पूर्णपणे माझ्यावर आली. एका रात्री छायाचित्रांचे आकार तयार होत असताना मेमरी संपली, लिनक्सने सर्वांत जास्त मेमरी व्यापलेली प्रक्रिया म्हणून डेटाबेसच बंद केला आणि सकाळपर्यंत प्रत्येक पानावर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याची सूचना झळकत राहिली. स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वाढवून आणि डेटाबेसचा वाटा कमी करून तो दोष दूर झाला. परंतु मी प्रवासात किंवा आजारी असताना हे कोण करणार, याचे उत्तर मंडळात कोणाकडेही नव्हते. ज्या सर्व्हरची काळजी एकच माणूस घेऊ शकतो, तो सर्व्हर संस्थेसाठी योग्य नाही, असे माझे मत झाले आणि ते आजही कायम आहे.

साधनांपैकी माझे मन सर्वांत जास्त रमले ते ह्यूगोमध्ये. स्थिर पाने तयार करणाऱ्या या साधनात प्रत्येक लेख मार्कडाउन या खुणांच्या पद्धतीतली एक साधी मजकूर फाइल असतो, डेटाबेस नसतो, आणि आमचे सर्व लेख काही सेकंदांत एचटीएमएल (ब्राउझर वाचतो त्या स्वरूपाच्या) पानांमध्ये बदलून मिळत. निघण्याच्या वाटेचा प्रश्न तर इथे उरतच नाही. फोल्डर उचलायचे आणि कुठेही ठेवायचे. मोफत स्थिर होस्टिंगसाठी गिटहब पेजेस पाहिले, पण तिथे प्रकाशित संकेतस्थळाची मर्यादा १ जीबी आहे आणि आमच्या अंकांच्या पीडीएफच त्याहून अधिक भरत होत्या. तरीही फायली अन्यत्र ठेवता आल्या असत्या. अडचण खरी होती ती माणसांची. आमच्या संपादकांपैकी दोघीजणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी दोन संध्याकाळी माझ्याबरोबर बसून गिट, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, शिकण्याचा मनापासून प्रयत्न केला. पण एक स्वल्पविराम दुरुस्त करण्यासाठी चार पायऱ्या चढाव्या लागतात, हे पाहिल्यावर त्यांनी विचारले की दुरुस्त्या कागदावर लिहून तुझ्याकडे दिल्या तर चालतील का? तसे झाले असते तर संकेतस्थळ पुन्हा एकाच माणसाच्या हाती गेले असते. ह्यूगो बाजूला ठेवताना मला वाईट वाटले.

शेवटी लेखांसाठी वर्डप्रेसवर आले. २००३ पासून चालत आलेली ही मुक्त प्रणाली जवळजवळ कोणत्याही होस्टिंगवर चालते, आणि पीएचपी व डेटाबेस यांपलीकडे तिला फारसे काही लागत नाही. मात्र वर्डप्रेसमध्येही बंद दरवाजे असतात, हे मला प्रयोगातूनच कळले. एका देखण्या पेज बिल्डर प्लगइनने (पाने रचून देणाऱ्या जोडसाधनाने) मी दहा पाने रचली आणि मग ते प्लगइन मुद्दाम बंद करून पाहिले. पानांवर चौकटी कंसांतले शॉर्टकोड, म्हणजे त्या प्लगइनच्या सांकेतिक आज्ञा, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेला मजकूर उरला. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर, जो डिसेंबर २०१८ मधल्या ५.० आवृत्तीपासून आला, तो मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये साठवतो आणि ब्लॉकच्या खुणा न दिसणाऱ्या टिप्पण्यांच्या रूपात ठेवतो. तो एडिटर उद्या नसला तरी लेख लेखच राहतो. आम्ही फक्त तोच वापरतो, थीमही वर्डप्रेसबरोबर येणारीच ठेवली आहे, आणि प्लगइन सातच आहेत. नवे प्लगइन सुचवले गेले की ते आधी चाचणीच्या प्रतीवर लावायचे, बंद करायचे आणि मागे काय उरते ते पाहायचे, असा आमचा नियम आहे.

अंकांच्या पीडीएफ आणि त्यांची सूची मात्र वर्डप्रेसच्या बाहेर, ह्यूगोने बनवलेल्या स्थिर पानांवर, मुख्य नावाला जोडलेल्या उपडोमेनवर ठेवली. तिथे वर्षातून एकदाच भर पडते, त्यामुळे ते काम माझ्याकडे असले तरी कोणाचे अडत नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी, ती म्हणजे लेखाचा पत्ता. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवते आणि देवनागरी अक्षरे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्याने त्याची या रूपात नऊ रोमन चिन्हे होतात, आणि पत्त्याच्या रकान्याची मर्यादा २०० आहे. काना, मात्रा, अनुस्वार हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जात असल्याने साधारण बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता तुटतो, बहुधा शब्दाच्या मधोमध. आम्ही सर्व लेखांना रोमन लिपीतले छोटे पत्ते दिले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे ३०१ पुनर्निर्देशन, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याची सूचना, लावले, जेणेकरून इतरांनी आपल्या लेखनात दिलेले दुवे मरू नयेत. चारशेवीस ओळींची ती यादी हाताने तपासायला नऊ दिवस लागले. या साऱ्या कामात हा वेळ सर्वांत सत्कारणी लागला, असे मी मानते.

प्रत्यक्ष स्थलांतर मात्र निर्दोष झाले नाही. तयारी बरीच केली होती. डीएनएस नोंदींचा (नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे त्या इतरत्र जपून ठेवण्याची मुदत, दोन दिवस आधी ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणला होता, आणि माझ्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव कुठे न्यायचे ते त्या संगणकापुरते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) नव्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे अंकी पत्ता, लिहून संपूर्ण संकेतस्थळ आधीच चाळून पाहिले होते. चाचणीच्या पत्त्याचे मूळ पत्त्यात रूपांतर करताना डेटाबेसमध्ये थेट 'शोधा आणि बदला' करू नये, हेही वेळेत कळले. वर्डप्रेस काही मांडणी मजकुराच्या लांबीच्या आकड्यासह साठवते, आणि लांबी जुळली नाही की ती मांडणी वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय हे साधन तो आकडाही सुधारते, म्हणून ते वापरले. इतके करूनही नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलताना जुन्या ठिकाणच्या एमएक्स नोंदी, म्हणजे ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी, नव्या ठिकाणी उतरवायच्या माझ्याकडून राहून गेल्या. मंडळाच्या पत्त्यावर आलेली दीड दिवसाची पत्रे परत गेली. त्यात एका लेखिकेने अंकासाठी पाठवलेले हस्तलिखितही होते. मी सर्वांना कळवून क्षमा मागितली. नेमसर्व्हरला हात लावण्यापूर्वी प्रत्येक डीएनएस नोंद कागदावर उतरवून घ्यावी आणि दोन जणांनी ती ताडून पाहावी, हे मी आता आग्रहाने सांगते. संपर्क अर्जातून जाणारी पत्रेही आधी स्पॅममध्ये पडत होती. ती पीएचपीमधून थेट न पाठवता आमच्या ईमेल सेवेच्या एसएमटीपीमार्फत (पत्रे पाठवण्याच्या अधिकृत मार्गाने) पाठवल्यावर आणि पत्र खरोखर आमच्याकडूनच आल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी लावल्यावर ती पोचू लागली. एचटीटीपीएसचे, म्हणजे सुरक्षित जोडणीचे, मात्र काहीच अडले नाही. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र होस्टिंगवाला आपोआप नवे करतो.

आता दर सहा महिन्यांनी आम्ही एक सराव करतो. दुसऱ्या कंपनीच्या साठवणीतून बॅकअप उतरवायचा, माझ्या नव्हे तर दुसऱ्या कोणा सदस्याच्या संगणकावर रिकामे वर्डप्रेस बसवायचे आणि लिहून ठेवलेल्या पायऱ्यांच्या आधारे संपूर्ण संकेतस्थळ पुन्हा उभे करायचे. मी शेजारी बसते, पण कळफलकाला हात लावत नाही. पहिल्या वेळी पाच तास लागले आणि डेटाबेसचा पासवर्ड कुठेच लिहिलेला नसल्याचे लक्षात आले. गेल्या वेळी हे काम सत्तरीच्या त्या दोन संपादकांपैकी एकीने एक तास दहा मिनिटांत पूर्ण केले, आणि पायऱ्यांच्या कागदावर तीन ठिकाणी, जिथे माझी वाक्ये तिला संदिग्ध वाटली होती, तिथे दुरुस्त्या करून तो मला परत दिला.